प्रवराकाठचा योगी

अहिल्यानगर जिल्ह्यात प्रवरा नदीच्या काठी नेवासे नावाचे एक प्राचीन गाव आहे. हा जिल्हा पूर्वी अहमदनगर या नावाने ओळखला जात असे. १९५४ ते १९५६ या काळात पुण्याच्या डेक्कन कॉलेजातील संशोधकांनी नेवाशास उत्खनन केले. तेव्हा अश्मयुगातील दगडी हत्यारे आणि हजारो वर्षांपूर्वीच्या वस्तीच्या खुणा तेथे सापडल्या. पण महाराष्ट्राला नेवासे प्रिय आहे ते एका निराळ्याच कारणाने. तेथील एका मंदिरात दगडाचा एक खांब आहे. त्यावर जुना शिलालेख कोरलेला आहे. या खांबाला टेकून श्रीज्ञानेश्वरांनी भगवद्गीतेचा अर्थ मराठीत सांगितला, अशी पिढ्यान्‌पिढ्यांची श्रद्धा आहे. गीतेचा अर्थ सांगणारे हे थोर पुरुष तेव्हा कोवळ्या वयाचे होते. आईबापांचे छत्र हरपलेले, समाजाने दूर लोटलेले आणि स्वतःच्या मनाशी झुंज देऊन शांत झालेले असे ते ज्ञानेश्वर होते.

ज्ञानेश्वरांचे घराणे गोदावरीच्या तीरावरील आपेगावचे. हे गाव पैठणजवळ आहे. त्यांचे वडील विठ्ठलपंत लहानपणापासून विरक्त वृत्तीचे होते. आळंदीच्या सिधोपंतांनी आपली कन्या रुक्मिणी त्यांना दिली. परंतु विठ्ठलपंतांचे मन संसारात रमले नाही. ते काशीस गेले आणि आपण विवाहित आहोत हे न सांगता त्यांनी संन्यास घेतला. पुढे गुरूंना खरी हकीकत समजली, तेव्हा त्यांनी विठ्ठलपंतांना घरी परत जाऊन संसार करण्याची आज्ञा केली. गुरूंची आज्ञा मानून ते आळंदीस परतले. कालांतराने त्यांना निवृत्ती, ज्ञानदेव, सोपान आणि मुक्ता अशी चार मुले झाली. ज्ञानदेवांचा जन्म शके ११९७ मध्ये, म्हणजे इ. स. १२७५ मध्ये झाला असे बहुधा मानले जाते. काही अभ्यासक तो शके ११९३ मधला मानतात.

संन्यासी पुन्हा गृहस्थ झाला, ही गोष्ट त्या काळच्या समाजाला सहन झाली नाही. गावाने या कुटुंबाला वाळीत टाकले. कोणी त्यांच्या घरी येईना, कोणी त्यांना घरी बोलावीना. गावातील मुले खेळत असताना या चौघांना दुरूनच पाहावे लागे. मुलांच्या मुंजी करण्यासही कोणी तयार होईना. संन्याशाची पोरे हे शब्द त्यांच्या कानांवर रोज पडत असत. आपले काय चुकले, हे त्या चिमुकल्या जिवांना समजत नव्हते. आणि खरे पाहता त्यांचे काहीच चुकलेले नव्हते. मुलांचा तरी स्वीकार व्हावा म्हणून विठ्ठलपंतांनी शास्त्रीमंडळींकडे धाव घेतली. त्यांनी फार कठोर प्रायश्चित्त सांगितले. तो निर्णय निष्ठुर होता. आईवडील मुलांना मागे ठेवून प्रयागास गेले, ते पुन्हा परत आले नाहीत, असे परंपरा सांगते. इतकी किंमत देऊनही मुलांवरचा बहिष्कार उठला नाही. चार भावंडे एकमेकांच्या आधाराने राहू लागली.

या दुःखातही त्यांना एक वाट सापडली होती. वडील बंधू निवृत्तिनाथ यांना त्र्यंबकेश्वराच्या ब्रह्मगिरीवर गहिनीनाथांचा उपदेश लाभला होता. मत्स्येंद्रनाथ, गोरक्षनाथ, गहिनीनाथ अशी ही नाथयोग्यांची परंपरा होय. निवृत्तिनाथांनी तोच उपदेश आपल्या धाकट्या भावाला केला. थोरला भाऊ गुरू झाला आणि धाकटा शिष्य झाला. एका आसनावर स्थिर बसावे, श्वासाची गती शांत करावी, इकडेतिकडे धावणारे मन पुनःपुन्हा माघारी आणावे आणि मी कोण आहे याचा शोध घ्यावा, असा तो अभ्यास होता. ज्ञानदेवांची बुद्धी विलक्षण होती. त्यांनी हा योग लवकरच आत्मसात केला. पण आसन स्थिर झाले म्हणून मनावरची जखम लगेच भरून येते असे नाही. याची साक्ष देणारी एक हकीकत वारकरी परंपरेने मोठ्या प्रेमाने जपून ठेवली आहे.

एके दिवशी ज्ञानदेव भिक्षेसाठी बाहेर गेले असता कोणीतरी त्यांचा अपमान केला. असे अपमान त्यांनी पूर्वी कितीतरी सोसले होते. परंतु त्या दिवशी तो शब्द जिव्हारी लागला. ते कोणाशी काही न बोलता झोपडीत गेले आणि त्यांनी दाराची ताटी लावून घेतली. ताटी म्हणजे झोपडीला लावण्याचे कुडाचे दार. आत एकटेच बसून राहिले. निवृत्तिनाथांनी हाक मारली, सोपानदेवांनी विनवले; पण आतून उत्तर येईना. ज्याने योगाभ्यास केला, ज्याला मोठमोठ्या ग्रंथांचा अर्थ कळला, तोही माणूसच होता. दुःखाचा भार असह्य झाला की माणसाला कोणी जवळ नकोसे वाटते. आपले दुःख जगात कोणालाच समजणार नाही, असे त्याला वाटू लागते. मग तो मनाचे दारही लावून घेतो.

तेव्हा सर्वांत धाकटी मुक्ता त्या ताटीपाशी येऊन बसली. तिने दार ढकलले नाही. ती भावावर रागावली नाही, की रडून तिने हट्ट धरला नाही. ती बाहेर बसून त्याच्याशी बोलू लागली. जो स्वतःला योगी म्हणवतो त्याने लोकांचे अपराध पोटात घालावेत, हे तिने त्याला आठवून दिले. जग संतापाने तापले असता साधूने पाण्यासारखे शीतल व्हावे, असे तिने सुचवले. ज्यांनी अपमान केला तेही परके नाहीत. आपल्याच देहाचा एक अवयव दुसऱ्याला लागला तर आपण त्याला शिक्षा करीत नाही, हे तिने समजावले. आणि पुनःपुन्हा तिने एकच विनंती केली, की दादाने ताटी उघडावी. तिचे हे बोलणे ताटीचे अभंग म्हणून मराठी वाङ्मयात अमर झाले आहे.

ज्ञानदेवांनी ताटी उघडली. ही घटना लहानशी दिसते, परंतु ज्ञानेश्वरांच्या चरित्रात ती फार मोठी आहे. ते दार बंदच राहिले असते, तर कदाचित मनातला कडवटपणा वाढत गेला असता. एका लहान बहिणीच्या प्रेमळ बोलण्याने तो कडवटपणा विरघळला. दुःख नाहीसे झाले नाही. पण त्या दुःखाचे काय करायचे, हे त्यांना उमगले. आपल्यावर झालेल्या अन्यायाचा सूड घेण्याऐवजी लोकांच्या मनावरचा अंधार दूर करण्याचे काम त्यांनी अंगीकारले. कुडाचे दार उघडणारा हात पुढे ज्ञानाचे दार सर्वांसाठी उघडणार होता.

आपल्याला पुन्हा समाजात घ्यावे अशी विनंती करण्यासाठी चारही भावंडे पैठणास गेली. पैठण हे तेव्हा विद्येचे मोठे पीठ होते. तेथे ज्ञानदेवांनी प्राणिमात्रांत एकच आत्मा आहे असे सांगितले आणि आपले म्हणणे पटवून देण्यासाठी रेड्याच्या मुखातून वेद बोलविले, अशी आख्यायिका आहे. पैठणच्या विद्वानांनी या मुलांचे तेज ओळखले. तेथून भावंडे नेवाशास आली. प्रवरेचे पाणी, मोहिनीराजाचे देवस्थान आणि शांत परिसर पाहून ती तेथे काही काळ राहिली. त्या वेळी देवगिरीवर रामचंद्रदेव यादव राज्य करीत होता.

गीता संस्कृतात होती. ज्यांना संस्कृत येत नव्हते त्या शेतकऱ्यांना, कारागिरांना आणि बायकामुलांना तिचा अर्थ कळत नसे. निवृत्तिनाथांच्या आज्ञेने ज्ञानेश्वरांनी हा अर्थ लोकांच्या भाषेत सांगण्यास आरंभ केला. समोर श्रोते बसत. ज्ञानेश्वर ओव्या सांगत आणि सच्चिदानंदबाबा त्या भक्तिभावाने लिहून घेत. गीतेचे ७०० श्लोक. त्यांवर सुमारे ९००० ओव्या झाल्या. शके १२१२ मध्ये, म्हणजे इ. स. १२९० मध्ये हा ग्रंथ पूर्ण झाला. त्याला भावार्थदीपिका असे म्हणतात. परंतु लोकांच्या तोंडी त्याचे नाव ज्ञानेश्वरी हेच आहे.

गीतेचा आरंभच मुळी एका थोर पुरुषाच्या मनोव्यथेने होतो. अर्जुनासारखा अजिंक्य वीर रणभूमीवर उभा राहतो आणि समोर आपलेच आप्तस्वकीय पाहून त्याचे मन खचते. त्याचे अंग कापू लागते, तोंड कोरडे पडते, हातातले गांडीव गळते आणि तो रथात खाली बसतो. मन पीडित झाले म्हणजे शरीरही बोलू लागते, याचे हे स्पष्ट चित्र आहे. ज्ञानेश्वरांनी हा प्रसंग मोठ्या सहानुभूतीने रंगविला आहे. कोरडे लाकूड सहज पोखरणारा भुंगा कमळाच्या कोवळ्या कळीत अडकून पडतो. तसे पराक्रमी माणसाचे मनही मायेच्या धाग्यात गुंतते, असा दृष्टान्त त्यांनी दिला आहे. ज्याने झोपडीची ताटी लावून घेतलेली होती, त्याला अर्जुनाचे दुःख परके कसे वाटावे? आणि अर्जुनाला रथात एकटे सोडून श्रीकृष्ण निघून गेले नाहीत. ते त्याच्याशी बोलत राहिले. त्या बोलण्यातूनच गीता जन्माला आली.

ज्ञानेश्वरीचा सहावा अध्याय योगाभ्यासासाठी प्रसिद्ध आहे. मराठी भाषा अमृतालाही जिंकील असा आत्मविश्वास ज्ञानेश्वरांनी याच अध्यायाच्या आरंभी व्यक्त केला आहे. अभ्यासाला बसण्याची जागा कशी असावी, तेथे कशी शांतता असावी, झाडांची सावली आणि निर्मळ पाणी कसे जवळ असावे, याचे रमणीय वर्णन त्यांनी केले आहे. आसन फार उंच नसावे, फार सखलही नसावे. शरीर ताठ पण सहज असावे. त्यापुढे वज्रासन, श्वासाचा निरोध आणि कुंडलिनी शक्तीची जागृती यांचे सूक्ष्म वर्णन येते. नाथपंथाचे हे गूढ ज्ञान गुरूकडून शिष्याकडे जात असे. ते ज्ञानेश्वरांनी मराठीतून सर्वांसमोर मांडले.

तथापि शरीराला कष्ट देणे म्हणजे योग नव्हे, हे त्यांनी निक्षून सांगितले आहे. जो भरमसाट खातो त्याला योग साधत नाही. जो उपाशी राहून देह झिजवतो त्यालाही तो साधत नाही. जो सतत झोपतो त्याला नाही आणि जो झोपेचा त्याग करतो त्यालाही नाही. अन्न मोजके असावे, चालणे मोजके असावे, बोलणे बेताचे असावे आणि झोप वेळेवर घ्यावी, असा त्यांचा उपदेश आहे. सातशेहून अधिक वर्षांपूर्वीचा हा उपदेश आजच्या विद्यार्थ्यालाही तितकाच उपयोगी पडेल.

यानंतर अर्जुन एक अगदी साधी अडचण सांगतो. मन वाऱ्यासारखे चंचल आहे. ते आवरावे कसे? प्रत्येक माणसाला पडणारा हा प्रश्न आहे. मन आवरणे कठीण आहे हे श्रीकृष्ण नाकारीत नाहीत. अभ्यासाने आणि वैराग्याने ते हळूहळू स्थिर होते, असे ते सांगतात. येथे ज्ञानेश्वरांनी मनाचा एक सुंदर गुण दाखवून दिला आहे. मनाला ज्या गोष्टीची गोडी लागते तिकडे ते आपण होऊन वळते. म्हणून त्याला मारूनमुटकून बांधू नये. आत्मसुखाची गोडी थोडीथोडी दाखवीत जावी. एखाद्या अवखळ वासराला चाबकाने जे शिकवता येत नाही, ते मूठभर हिरव्या चाऱ्याने शिकवता येते. मनाचेही तसेच आहे. स्वतःच्या मनाला ओळखून त्याच्याशी सौम्यपणे वागणे, हे ज्ञानेश्वरांच्या योगाचे मर्म होय.

ग्रंथ पूर्ण झाल्यावर ज्ञानेश्वरांनी विश्वरूप देवाकडे प्रसाद मागितला. तोच पसायदान या नावाने घरोघरी आणि शाळाशाळांतून म्हटला जातो. ज्या मुलाचे बालपण समाजाने हिरावून घेतले त्याने काय मागावे? त्याने दुष्टांचा नाश मागितला नाही. त्यांच्या मनातील वाकडेपणा जावा, त्यांना सत्कर्माची आवड लागावी आणि सर्व प्राण्यांत मैत्री नांदावी, एवढेच त्याने मागितले. स्वतःसाठी काहीही मागितले नाही. ताटीआड बसलेल्या मुलाच्या मनाने किती दूरचा प्रवास केला होता, हे पसायदानावरून कळते.

त्या काळी गोदावरीच्या तीरी पुणतांबे येथे चांगदेव नावाचे एक महान योगी होते. पुणतांबे आज अहिल्यानगर जिल्ह्यातच आहे आणि चांगदेवांची समाधीही तेथे आहे. योगाच्या बळावर ते चौदाशे वर्षे जगले, अशी त्यांच्याविषयी आख्यायिका होती. त्यांच्याजवळ अनेक सिद्धी होत्या आणि त्यांचा शिष्यपरिवार फार मोठा होता. ज्ञानेश्वरांची कीर्ती ऐकून त्यांनी पत्र लिहावयास घेतले. पण मायना काय लिहावा, हे त्यांना ठरवता येईना. वयाने लहान म्हणून चिरंजीव लिहावे, तर ज्ञानाने ते मोठे; तीर्थरूप लिहावे, तर ते वयाने लहान. या संभ्रमात त्यांनी कोराच कागद पाठविला. तो पाहून मुक्ताबाईने विनोदाने म्हटले की, चांगदेव इतकी वर्षे जगूनही कोरेच राहिले.

त्या कोऱ्या कागदाला ज्ञानेश्वरांनी ६५ ओव्यांचे उत्तर लिहिले. तेच चांगदेव पासष्टी होय. त्यात चांगदेवांचा उपहास नाही. सोन्याचे कितीही दागिने घडवले तरी सोने सोनेच राहते. त्याप्रमाणे नानाविध रूपांतून एकच आत्मा प्रकटला आहे आणि तो चांगदेवांमध्येही आहे, असे ज्ञानेश्वरांनी त्यांना प्रेमाने सांगितले आहे. चांगदेवांनी देहावर विजय मिळविला होता. परंतु आपण कोण आहोत, हा प्रश्न सुटायचा राहून गेला होता. पुढे ते वाघावर बसून भेटीस आले आणि भावंडांनी निर्जीव भिंत चालवून त्यांचे स्वागत केले, अशी कथा लोक आवडीने सांगतात. या कथेत जो अर्थ आहे तो असा, की अहंकारावर बसून आलेला मोठा माणूस नम्रतेपुढे खाली उतरला. चांगदेवांनी आपला मोठेपणा बाजूस ठेवला आणि लहानग्या मुक्ताबाईला गुरू मानले. ताटीपाशी बसून भावाला सावरणारी ती मुलगी एका महायोग्याचीही मार्गदर्शक झाली.

ज्ञानेश्वरांनी अमृतानुभव हा आणखी एक थोर ग्रंथ रचला. हरिपाठाचे आणि इतर कितीतरी अभंग लिहिले. संत नामदेवांबरोबर त्यांनी तीर्थयात्रा केली. नाथांचा योगमार्ग सर्वांना झेपणारा नाही, हे ओळखून त्यांनी भक्तीचा सोपा मार्ग सामान्य जनांना दाखविला. शके १२१८ मध्ये, म्हणजे इ. स. १२९६ मध्ये, कार्तिक वद्य त्रयोदशीस त्यांनी आळंदी येथे इंद्रायणीच्या काठी समाधी घेतली. पुढे थोड्याच काळात सोपानदेव सासवड येथे, मुक्ताबाई तापीच्या तीरी आणि निवृत्तिनाथ त्र्यंबकेश्वरी समाधिस्थ झाले. इ. स. १५८४ मध्ये संत एकनाथांनी ज्ञानेश्वरीची शुद्ध प्रत तयार केली. आजही आषाढीला ज्ञानेश्वरांची पालखी आळंदीहून पंढरपूरला जाते. ज्यांना एके काळी कोणी दारात उभे करीत नव्हते, त्यांच्या पादुकांना आज गावोगावचे लोक मस्तक लावतात. त्यांना सारा महाराष्ट्र माउली म्हणतो.

ज्ञानेश्वरांचे जीवन वाचताना त्यांच्या चमत्कारांच्या कथा सहज लक्षात राहतात. पण त्यांच्या चरित्रातील सर्वांत मोठी गोष्ट त्या ताटीची आहे. थोरांचे मनही खचते. त्यात लाज वाटण्यासारखे काही नाही. मनाचे दुखणे शरीराच्या दुखण्याइतकेच खरे असते, असे आजचे वैद्यकशास्त्रही सांगते. मन बराच काळ खिन्न राहिले, झोप उडाली, कशातच गोडी वाटेनाशी झाली, तर ते आईवडिलांना, शिक्षकांना सांगावे आणि डॉक्टरांचा उपचार घ्यावा, यात काही कमीपणा नाही. नियमित व्यायाम, आसने आणि शांत श्वास यांचाही मनाला आधार मिळतो. पण काही वेळा स्वतःचे बंद दार स्वतःला दिसत नाही. अशा वेळी बाहेर बसून धीराने हाक मारणारे कोणीतरी लागते.

म्हणून वर्गातला एखादा मुलगा एकाएकी गप्प झाला, कोणी त्याला खेळात घेत नसले, तर त्याच्याजवळ जाऊन बसावे. त्याची थट्टा करू नये. त्याच्याशी दोन शब्द बोलावेत. मुक्ता वयाने लहान होती, तरी तिच्या बोलण्याने एक दार उघडले; आणि त्या उघडलेल्या दारातून ज्ञानेश्वरीसारखा ग्रंथ महाराष्ट्राच्या अंगणात आला.